पाळणाघराची तरतूद

माझी मुलगी वर्षाची झाली तेव्हा आई पुण्याहून आमच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोला आली होती. सहा महिने कसे गेले कळलंच नाही. तिला विमानात बसवून घरी आलो आणि तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलेला प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला: सोमवारपासून हिला ठेवायचं कुठे?

जवळच एक पाळणाघर मिळालं. फी घरभाड्याच्या खालोखाल! पण तिथे हॉटेलात साफसफाई करणाऱ्या बायकांची मुलंही होती. त्यांची बरीचशी फी सरकार भरत असे. 2009 च्या मंदीत दारावर नोटीस लागली: निधी कमी पडतो आहे, एक वर्ग बंद करावा लागेल. "सरकारी कारभार, आपण काय करणार?" मी म्हणालो. तिथल्या वयस्कर बाई हसल्या. "हे पैसे सरकारने आपणहून दिलेले नाहीत. एकदा रिचमंडला जाऊन या."

खाडीपलीकडचं रिचमंड आम्ही नुसतं हायवेवरून पाहिलेलं. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या कैसर गोद्यांमध्ये 747 जहाजं बांधली गेली. पुरुष आघाडीवर गेल्यामुळे वेल्डिंगची कामं बायका करू लागल्या. मग त्यांची मुलं कोण सांभाळणार? 1943 पासून लॅनहॅम कायद्याखालचा केंद्राचा पैसा देशभरच्या पाळणाघरांना मिळू लागला. आईला साधारण 50 सेंट रोज पडत. रिचमंडचं मेरिटाइम बालकेंद्र त्याच वर्षीचं. त्याची इमारत आजही उभी आहे.

युद्ध संपलं आणि वॉशिंग्टनने हात आखडता घेतला. आयांनी पत्रं, तारा, अर्ज यांचा पाऊस पाडला, तेव्हा मुदत फेब्रुवारी 1946 पर्यंत वाढली. पुढे पैसा बंद. बहुतेक ठिकाणी पाळणाघरांना कुलपं लागली. कॅलिफोर्नियात मात्र आया आणि शिक्षिका सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात जाऊन बसल्या. राज्याने खर्च उचलला, पण तात्पुरता. मुदत संपत आली की पुन्हा सॅक्रामेंटो, पुन्हा विनवण्या. असं अकरा वर्षं चाललं. अखेर 1957 मध्ये योजना कायमची झाली. (देशपातळीवर 1971 मध्ये काँग्रेसने असाच मोठा कायदा मंजूर केला होता, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी व्हेटो वापरला.)

योजना कायमची झाली, तरी रक्कम दरवर्षीच्या बजेटवरच अवलंबून राहिली. त्यावर उपाय काढला आमच्याच शहराने. 1991 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी ठरवलं की मालमत्ता कराचा ठराविक हिस्सा, म्हणजे 100 डॉलर मूल्यामागे अडीच सेंट, मुलांसाठीच राखून ठेवायचा. त्यातून पाळणाघरं, आरोग्य, सामाजिक सेवा चालवायच्या. त्यात आणखी एक शहाणपणाचं कलम होतं: हे नवे पैसे आले म्हणून शहराला मुलांवरचा जुना खर्च कमी करता येणार नाही. आपल्याकडे एका खिशातून देऊन दुसऱ्या खिशातून काढून घेणं म्हणतात ना, ती वाटच बंद केली! असं करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर.

1998 मध्ये राज्यानेही तसंच केलं. सिनेदिग्दर्शक रॉब रायनर यांच्या पुढाकाराने 'प्रपोझिशन 10' अगदी थोडक्या मतांनी पास झालं. सिगारेटच्या पाकिटावर 50 सेंट जादा कर आणि तो पैसा पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. 2000 मध्ये ते रद्द करायचा प्रयत्न झाला. लोकांनी हाणून पाडला. मे 2009 मध्ये, म्हणजे आमच्या दारावर नोटीस होती त्याच काळात, राज्याच्या तुटीसाठी तोच पैसा वळवायचा प्रस्ताव आला. कायदा मतदारांचा असल्यामुळे मतदारांनाच विचारावं लागलं. जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी 'नाही' म्हटलं.

मी त्यात नव्हतो. ग्रीन कार्डवाल्याला मत कुठलं? खरं सांगायचं तर मत नसल्याचं तोवर कधी वाईटही वाटलं नव्हतं. आमचा तो वर्ग शेवटी बंद झालाच. एका कायद्याने सगळ्या मुलांवर छप्पर येत नाही. पण बाकीचे वर्ग चालू राहिले, आणि ते का राहिले हे आता मला ठाऊक होतं.

पुढे नागरिकत्व घेतलं. 2014 मध्ये शहराचा बालनिधी पुन्हा मतदानाला आला. हिस्सा हळूहळू चार सेंटपर्यंत नेऊन पुढची 25 वर्षं चालू ठेवायचा होता. ते माझं इथलं पहिलं मत. तोवर मुलगी मोठी झाली होती, आमच्या घरी त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

आई फोनवर म्हणाली, "मग कशाला रे एवढी धडपड?"

"आई, तू सहा महिन्यांनी परत गेलीस ना," मी म्हटलं, "तेव्हा दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी करून ठेवली होती."