पाटी आणि पोते
पुण्यातील कचरावेचक भगिनींच्या संघटनेचा उगम अक्षर-ओळखीच्या वर्गात आहे. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील पूर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण या वस्त्यांमध्ये गेल्या. परंतु मुले आयांसमवेत पोते घेऊन कचराकुंड्या धुंडाळीत असत. आईची मिळकत वाढल्यावाचून मुलाच्या हाती पाटी टिकणार नाही, हे ध्यानी आले. घरोघरचा सुका माल वेगळा व स्वच्छ मिळाला तर भाव बरा येई. मात्र दारात उभे राहण्यास ओळखपत्र हवे होते. ज्यांना सदैव चोर समजून हटकले गेले, त्यांनी हा एक कागद मात्र रद्दीत घातला नाही!

मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने भरलेल्या मेळाव्यास ८०० हून अधिक कचरावेचक जमले आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. भंगाराच्या धंद्यात काटा व भाव दोन्ही दुकानदाराच्या हाती असतात. म्हणून पंचायतीने स्वतःचे दुकान काढून नफा सभासदांत वाटला. पुढे २००८ साली महानगरपालिकेशी करार होऊन 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेकडे घरोघरचे संकलन आले व नागरिकांचे मासिक शुल्क त्यांच्या हाती पडू लागले.