भित्र्याची पोर आणि आकाश

ब्रँडन सँडरसन या अमेरिकन लेखकाची 'स्कायवर्ड' ही कुमारांसाठीची विज्ञानकादंबरी २०१८ साली प्रसिद्ध झाली. माझ्या एका विद्यार्थिनीने ती मला आणून दिली. अंतराळात लढणारी विमाने, परग्रह, शत्रूचे हल्ले. असल्या पुस्तकाशी इतिहासाच्या मास्तराचे काय काम, असे म्हणतच मी ते उघडले.

डेट्रिटस नावाच्या ग्रहावर माणसे गुहांत राहतात. वरून क्रेल नावाचा शत्रू हल्ले करतो, म्हणून वैमानिक ही तिथली सर्वांत मानाची जागा. जुन्या निर्णायक लढाईत लढलेल्यांच्या मुलांना उड्डाणशाळेचे दार परीक्षेवाचून उघडते. स्पेन्साचा बाप मात्र त्याच लढाईतून पळाला, असे सत्तेने जाहीर केले. तेव्हापासून ती भित्र्याची पोर. ती उंदीर मारून आणते, त्यावर घर चालते. कॉब नावाचा शिक्षक तिला आपल्या वर्गात घेतो. पण सेनाप्रमुख बाई तिला वसतिगृह नाकारते, मेस नाकारते. ती गुहेत निजते आणि सकाळी वर्गात हजर होते.

इथे मला बेंजामिन डेव्हिस आठवले. १९३२ साली हा काळा तरुण वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दाखल झाला. चार वर्षे कामापुरते सोडून त्यांच्याशी कोणी बोलले नाही. खोलीत एकटे, जेवणाच्या टेबलावर मुके. वैमानिक होण्यासाठी अर्ज केला, तर उत्तर आले की काळ्यांचे हवाई पथकच नाही, तेव्हा काळा वैमानिक घ्यायचा कुठे?

या नकारामागे एक कागद होता. १९२५ साली अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजने अहवाल तयार केला: काळ्यांचा मेंदू वजनाला कमी, धैर्य कमी, अंधारात तर ते निव्वळ भेकड. आपल्याकडे १८९०च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा 'लढाऊ जातीं'चा सिद्धांत असाच हाताशी होता. ज्यांना लढू द्यायचे नाही, त्यांना आधी भित्रे ठरवावे लागते.

काळ्यांच्या संघटना आणि वृत्तपत्रे यांच्या रेट्यामुळे १९४१ साली अलाबामातल्या टस्कीगी येथे वेगळे प्रशिक्षण सुरू झाले. वेगळे, हे विसरू नये. पहिल्या तुकडीत तेरा जण होते. ७ मार्च १९४२ रोजी पाच जण वैमानिक झाले. त्यांत डेव्हिस होते. एप्रिल १९४३ मध्ये ९९वे पथक उत्तर आफ्रिकेत गेले. सप्टेंबरमध्ये गोऱ्या वरिष्ठाचा अहवाल आला की यांच्यात आक्रमकता नाही. कागद नवा, आरोप १९२५चाच. डेव्हिस यांना वॉशिंग्टनला जाऊन समितीपुढे साक्ष द्यावी लागली. जानेवारी १९४४ मध्ये इटलीतल्या अँझिओवर या वैमानिकांनी दोन दिवसांत डझनभर जर्मन विमाने पाडली, तेव्हा कुठे कुजबुज थांबली.

त्यांनी राखण केलेले एकही बॉम्बफेकी विमान पडले नाही, ही दंतकथा मी वर्षानुवर्षे वर्गात रंगवून सांगत असे. पुढे नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा निदान पंचवीस विमाने पडल्याचे दिसले. आता मी ती सांगत नाही. गोऱ्या वैमानिकांकडे असा निष्कलंक हिशेब कोणी मागितला नव्हता.

कादंबरीशी माझे भांडण आहे ते इथेच. (शेवट फोडतो आहे, माफ करा.) सत्तेला संशय असतो की स्पेन्साच्या बापाच्या रक्तात 'दोष' आहे, आणि अखेर तसे काही रक्तात खरोखरच निघते, एक शक्ती म्हणून. गोष्टीला ते शोभत असेल. पण यातून कागद लिहिणाऱ्याची शंका अर्धी खरी ठरते. डेव्हिस यांच्या रक्तात ना दोष होता, ना चमत्कार. होती ती शिकण्याची संधी, तीही उशिरा मिळालेली.

आणि विमान चालवता आले म्हणून मेस उघडली नाही. एप्रिल १९४५ मध्ये इंडियाना राज्यातल्या फ्रीमन फील्ड तळावर काळ्या अधिकाऱ्यांना गोऱ्यांच्या ऑफिसर्स क्लबात मज्जाव होता. ही विभागणी मान्य आहे, अशा कागदावर सही करा, असा हुकूम सुटला. १०१ अधिकाऱ्यांनी सही नाकारली आणि अटक पत्करली.