आमिष आणि पराणी

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवू पाहणाऱ्याला 'ल्युअर', 'एन्टाइस', 'कोक्स', 'गोड', 'एग ऑन' हे शब्द बहुधा एकाच यादीत भेटतात. तो पुढे 'भुलवणे' किंवा 'उद्युक्त करणे' एवढेच लिहून ठेवतो आणि चार दिवसांत सगळे एकमेकांत मिसळतात. माझ्या मते हे शब्द त्यांच्या मूळच्या हत्यारांसकट शिकावेत. 'ल्युअर' ही मुळात एक वस्तू. ससाणा पाळून शिकार करणारे दोरीच्या टोकाला पिसांचा जुडगा बांधत, त्याला मांसाचा तुकडा लावत आणि दोरी गरगर फिरवत. उंच गेलेला ससाणा त्यावर झेपावे आणि मालकाच्या हाती लागे. आपले 'आमिष'ही असेच. संस्कृतात त्याचा अर्थ मांस. 'निरामिष' शब्दात तो अजून शाबूत आहे. उलट 'गोड' म्हणजे बैलाला मागून टोचायची पराणी. लॅटिन 'स्टिम्युलस'ही पराणीच. 'एग ऑन'चा अंड्याशी काही संबंध नाही. तो 'एज'चा, म्हणजे धारेचा, भाऊबंद आहे आणि नॉर्स भाषेतून आला आहे. आमिष पुढून ओढते, पराणी मागून ढकलते. म्हणून जास्त पगार दाखवून माणूस फोडला तर तिथे 'ल्युअर' शोभतो आणि डिवचून डिवचून प्रतिस्पर्ध्याचा तोल घालवला तर 'गोड'.

यावर भाषेचे जाणकार म्हणतील की शब्दाचे कूळ म्हणजे त्याचा आजचा अर्थ नव्हे. आक्षेप रास्त आहे. 'एन्टाइस'च्या मुळाशी बहुधा कोलीत आहे. आरंभी त्याचा अर्थ चेतवणे, चिथावणे असा होता. आज तो गोड लालूच दाखवतो, म्हणजे मागचा पुढे आला. सोळाव्या शतकात 'कोक्स' म्हणजे भोळसट माणूस. एखाद्याला 'कोक्स' करणे म्हणजे त्याला मूर्ख बनवणे. आज रुसलेल्या पोराला चुचकारून दोन घास भरवणे हेही 'कोक्स'च, आणि त्यात फसवणूक मुळीच नाही. तेव्हा अर्थ ठरवायचा तो आजच्या वापरावरूनच. पण अर्थ कळणे वेगळे आणि तो वेळेवर आठवणे वेगळे. आठवायला खुंटी लागते, आणि पिसांचा जुडगा, पराणी, कोलीत यांच्याइतकी पक्की खुंटी शब्दकोशातला प्रतिशब्द देत नाही. 'एन्टाइस'ने कूस बदलली ही हकीकतही त्याच खुंटीला टांगता येते: हातात कोलीत घेऊन निघालेला शब्द आता मिठाईच्या दुकानाच्या काचेआड उभा आहे.