डब्यावरचा आकडा आणि परळचा ताप

मलेरियाच्या रॅपिड टेस्टविषयी मुंबईत एक मत रुजत चालले आहे. पट्टी 20 मिनिटांत निकाल देते, डब्यावर 95 टक्क्यांहून जास्त अचूकता छापलेली असते, शिवाय सूक्ष्मदर्शकावर बसणारा माणूस थकतो आणि पट्टी थकत नाही. मग काचेवर रक्त पसरून तपासण्याचा खटाटोप कशाला?

हा युक्तिवाद पोकळ नाही. गडचिरोलीच्या पाड्यावर आशाताईंच्या पिशवीतली हीच पट्टी जीव वाचवते. पण राष्ट्रीय कार्यक्रमाने तिला जागा दिली ती स्लाइडचा निकाल 24 तासांत मिळू शकत नाही तिथे. लालबाग-परळमध्ये केईएम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इथे ही सबब कशी चालेल?

मुळात तो आकडा आला कुठून? जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणीत पट्ट्यांची कसोटी प्रयोगशाळेत, मोजून तयार केलेल्या रक्तनमुन्यांवर लागली. मायक्रोलिटरला 200 परजीवी असलेल्या नमुन्यांवर किमान 75 टक्के गुण, हा खरेदीच्या निकषांपैकी एक होता. कोणती पट्टी सरस, हे त्यावरून कळते. भर पावसाळ्यात दवाखान्यात ती कशी वागेल, हे कळत नाही. तिथे पाकीट आधीच फाडून दमट हवेत ठेवलेले असते. बफरचे थेंब घाईत कमी-जास्त पडतात. मधले रुग्ण आटोपून डॉक्टर तासाभराने पट्टी हातात घेतात, तेव्हा फिकट रेघ दिसते. ठरलेली वेळ उलटल्यावर दिसलेली रेघ निकालात धरायची नसते. ती धरली जाते.

दुसरा मुद्दा परजीवीचा. मुंबईत प्राबल्य व्हायवॅक्सचे. तो कोवळ्या लाल पेशींतच शिरतो, म्हणून रक्तात त्याची संख्या सहसा कमी राहते. पट्टीची सर्वात तिखट रेघ एचआरपी-2 या प्रथिनाची, आणि ते प्रथिन फक्त फाल्सिपेरम तयार करतो. व्हायवॅक्सची मदार एलडीएचच्या रेघेवर. ती उष्णतेला कमी टिकते आणि परजीवी थोडे असले की हुकते. म्हणजे पट्टी जिथे कच्ची, नेमका तोच इथला नेहमीचा आजार. उलट बाजूही पाहा. गिरणीच्या जागेवर टॉवर बांधायला ओडिशा-झारखंडहून आलेल्या मजुराने गावीच फाल्सिपेरमचे उपचार पूर्ण केले असले, तरी एचआरपी-2 रक्तात कित्येक आठवडे रेंगाळते. त्याला आज डेंग्यू असला, तरी पट्टी मलेरिया सांगू शकते!

आता साधे गणित. समजा, पट्टी 95 टक्के रुग्ण ओळखते आणि 95 टक्के निरोग्यांना निरोगी म्हणते. पावसाळ्यात 1000 तापकऱ्यांपैकी 300 जणांना मलेरिया असेल, तर 285 खरे पॉझिटिव्ह आणि 35 खोटे. हिवाळ्यात 50 जणांनाच असेल, तर खरे सुमारे 47 आणि खोटेही सुमारे 47. पट्टी तीच, डबा तोच. पण पॉझिटिव्ह निकालाचा भरवसा नाणेफेकीइतका उरतो. वाचकांनीच ठरवावे, डब्यावरचा एक आकडा दोन्ही ऋतूंचा जामीन राहू शकतो का?

राहिला सूक्ष्मदर्शकाचा थकवा. आक्षेप खरा आहे. अर्धवट रंगवलेली स्लाइड दिशाभूल करतेच. मात्र स्लाइड जपून ठेवता येते, दुसऱ्या डोळ्यांनी पुन्हा तपासता येते. परजीवी किती, कोणत्या अवस्थेतले, औषधाने उतरताहेत की नाही, हे तीच सांगते. स्लाइडची चूक पकडता येते. पट्टीची चूक बहुतेक वेळा पट्टीबरोबरच कचऱ्यात जाते.

पट्टी हद्दपार करा, असे माझे म्हणणे नाही. तिची परीक्षा इथेच घ्या: गिरगाव, दादर, लालबागच्या दवाखान्यांत, रोज पट्टी हाताळणाऱ्याच हातांनी, पावसाळ्यात आणि हिवाळ्यातही. प्रत्येक स्लाइड दोन तंत्रज्ञांनी पट्टीचा निकाल न पाहता वाचावी. मतभेद झाला तर पीसीआर करावे. आणि ते आकडे हाती येईपर्यंत, पट्टी निगेटिव्ह असूनही ज्याचा ताप उतरत नाही, त्या प्रत्येकाची स्लाइड त्याच दिवशी झाली पाहिजे.