अपघात म्हणजे फक्त नशीब नव्हे. दुखापतींकडे आजारासारखं का बघायला हवं?

अपघातात कुणी दगावलं की 'त्याची वेळच आली होती' असं म्हणून विषय संपवला जातो. पण देशभरातल्या अपघातांचा हिशेब एकत्र मांडला, की वेगळंच चित्र समोर येतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यात १,६८,४९१ जणांचा जीव गेला आणि ४,४३,३६६ जण जखमी झाले. म्हणजे दिवसाला सरासरी ४६१ हून अधिक बळी.

साथ आली की आरोग्य खातं तीन गोष्टी शोधतं : कुणाला, कुठे आणि कशामुळे. दुखापतींनाही हेच लागू पडतं.

कुणाला? मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ वयोगटातले, म्हणजे घरातले कमावते. शंभर मृतांमागे ४४ हून जास्त दुचाकीवरचे.

कुठे? राष्ट्रीय महामार्गांची लांबी एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन-अडीच टक्के, पण ३६ टक्के मृत्यू तिथेच. बेळगाव, निपाणीवरून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग त्यातलाच.

कशामुळे? ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण त्या एका वर्षात गेले. त्यात १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. 'मागच्याला कशाला हेल्मेट?' या प्रश्नाचं उत्तर या आकड्यात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रस्ते अपघात, पडणं, बुडणं, भाजणं, विषबाधा, हिंसा, आत्महत्या या सगळ्यांमुळे जगात दरवर्षी सुमारे ४४ लाख मृत्यू होतात. जे वाचतात, त्यांचं काय? अपघातानंतर ३० दिवसांत मृत्यू झाला तर तो अपघाती बळी म्हणून मोजला जातो. पण पाय गमावलेला गवंडी किंवा डोक्याला मार बसून वर्षभर घरी पडलेला चालक 'जखमी' या एका शब्दात संपतो. त्याचा बुडालेला पगार, उपचारासाठी काढलेलं कर्ज, मुलांची अर्धवट सुटलेली शाळा कुठल्याच तक्त्यात येत नाही.

नमुना ठरलेला असेल, तर उपायही ठरवता येतो. वेगाला आवर, दोघांनाही हेल्मेट, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर, धोकादायक वळणावर दिवे. यातलं काहीच नशिबावर सोडण्यासारखं नाही.

जखमीला वेळेत दवाखान्यात पोहोचवणं हाही उपचारच. त्यासाठी ११२ किंवा १०८ ला फोन करावा. 'पोलिसांची झंझट नको' म्हणून अनेकजण पुढे येत नाहीत. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. शिवाय मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना लागू आहे. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत असलेलं बरं.