मानमोडीच्या साली पाणी पाजायला कोण होतं?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणूस एकतर घाटावरचा, नाहीतर घाटाखालचा. मुंबई-नागपूर रेल्वे घाटाखालून जाते: मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. कापसासाठी जलंबहून खामगावला फाटा काढला, तो १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. १९१८ साली इन्फ्लुएंझा मुंबई बंदरातून देशाच्या आत शिरला, तोही रेल्वेनेच. जूनमधली पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरनंतरची दुसरी जीवघेणी ठरली. लोक तिला मानमोडी म्हणत.

त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. ज्वारी महागलेली, माणसं आधीच अर्धपोटी. त्यात मध्यप्रांत-वऱ्हाड फार होरपळला. देशात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असावीत, असे अंदाज आहेत. एरवी तापाची साथ म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना नेते. हिने वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसं नेली, त्यातही बायका जास्त.

माझ्या आजेसासूबाई तेव्हा नांदुऱ्याकडे होत्या, लहान पोर. त्या सांगत, "पानी पाजाले कोनी उभं नव्हतं, बाई. सारं घरच निजलेलं." उपकेंद्रात नर्स म्हणून नोकरी करताना मला हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवायचं. त्या काळच्या डॉक्टरांना रोगाचा विषाणू ठाऊकच नव्हता. तो माणसात सापडला १९३३ साली. ते एका जिवाणूला दोषी धरत, क्विनीन देत. विषाणूने पोखरलेल्या फुप्फुसात मागाहून जिवाणू शिरून न्यूमोनिया व्हायचा, आणि पेनिसिलीन अजून यायचं होतं. अशा वेळी पाणी, पेज आणि अंथरुणाशी बसणारं माणूस हाच उपचार होता. शुश्रूषा करणारी बाईच पडली की तोही बंद.

आज इन्फ्लुएंझावर ऑसेल्टामिविर आहे, पण ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी. विषाणू रूप बदलतो म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. साध्या सर्दीच्या ऱ्हायनोविषाणूवर मात्र औषध नाही. तान्ह्या बाळांची छाती भरवणाऱ्या आरएसव्हीतही बहुतेक बाळांना लागतो तो आधारच: दूध, पाणी, गरज पडली तर ऑक्सिजन. तरी हिवाळा लागला की लोक म्हणायचे, "बाई, एक सुई टोचा, सलाईन लावा." विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे सांगून माझा घसा बसे.

आता निवृत्त झाले, तरी आयांना एवढं सांगतेच. खोकणारं मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, किंवा बाळ अंगावर पिईना, तर सुईच्या मागे लागू नका. त्याच पावली सरकारी दवाखाना गाठा.