मोहाखालचा पाला

फाल्गुन लागला की आजी मला अंधारातच उठवायची. “ऊठ न रे बाबू, फुलं पडून रायली.” आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून. वहिवाटीचे चार मोह आमच्याकडे होते. फुलं पहाटे गळतात, वाळक्या पाल्यात पडली की दिसत नाहीत. म्हणून आदल्या सांजेला झाडाखालचा पाला गोळा करून काडी लावायची. हे काम माझं. वय असेल नऊ-दहा.

एका सांजेला वारा सुटला आणि माझी आग राखीव जंगलात शिरली. रात्रभर गाव ओल्या डहाळ्यांनी ती झोडपत होतं. सकाळी गार्ड आला. कोणी नाव घेतलं नाही. आजीने त्याला चहा पाजला. मी कोठ्यात लपून बसलो होतो.

“सागाले काही होत नाही,” ती नंतर म्हणाली. “जयला तं जयला, पाण्यापावसात फुटते.”

ती खोटं बोलत नव्हती. सागाचं रोपटं वरून जळतं, पण मूळ जिवंत राहतं. दर पावसाळ्यात ते नवा कोंब फेकतं, उन्हाळ्यात तो पुन्हा जातो, असं कित्येक वर्षं चालतं. मूळ पुरेसं जाड झालं की एखादा कोंब आगीच्या वर निघून जातो. पळस मुळांतून फुटतो. ऐनाची जाड, भेगाळ साल आगीला दाद देत नाही. चार महिने पाऊस आणि मग लांबलचक कोरड, अशा हवेत पान टाकणारी झाडं जगतात, आणि तोच टाकलेला पाला आगीचं सरपण होतो.

साहेबाला आग म्हणजे निव्वळ नुकसान वाटायचं. 1864 साली डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन पहिला वनमहानिरीक्षक झाला. त्याच दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात वणवा रोखायला सुरुवात झाली. आमचा चांदाही तेव्हा मध्य प्रांतातच. 1878 च्या कायद्याने राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरलं. 1927 चा कायदा आजही तेच म्हणतो. पण ब्रह्मदेशाच्या ओलसर जंगलात आग थांबली तशी बांबूची न् झाडोऱ्याची दाटी झाली, सागाच्या रोपांना ऊन मिळेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बऱ्याच ठिकाणी हा बंदोबस्त सोडून द्यावा लागला.

हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, खरं सांगतो. जुनं ओझं उतरल्यासारखं. मग गावी गेलो आणि मोहाखाली उभा राहिलो.

चारातले तीन उरलेत. तिघंही आजीच्या आधीचे. खाली एक रोप नाही. मोहाचं बी पावसाच्या तोंडाशी पडतं, ते आपण तेलासाठी वेचतो. चुकून रुजलंच तर गुरं खातात, नाहीतर पहिल्याच फाल्गुनात आपल्या काडीखाली येतं. मोठ्या झाडाला झळ लागत नाही, म्हणून पन्नास वर्षं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. मी मात्र त्या रात्रीच्या सागाचीच काळजी करत राहिलो.

आता काही गावांत मोहाखाली जाळी बांधतात. मागच्या फाल्गुनात मी चुलतभावाला म्हटलं, यंदा काडी नको. तो हसला, “तं फुलं का तू वेचशीन?” शेवटी वहिनीने जुन्या साड्या काढून दिल्या. त्या अंथरल्या, फुलं त्यावर पडली, खालचा पाला तसाच राहिला.

बिया मात्र तिने सगळ्या वेचल्या. दहा सोडल्या, माझ्या हट्टापायी.